डबल हाइट हॉल, 7 लाख 35 हजार आणि नऊ फुटांच्या वरची लबाडी

रक्कम आधी सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. 7,35,000. चार हप्त्यांत दिले, 2,50,000, मग 1,85,000, मग 2,00,000 आणि शेवटी 1,00,000, आणि हे फक्त एका हॉलच्या इंटिरियरसाठी, बेडरूम किचन काही नाही, आणि त्यातही फसलो.

पुण्यात बावधनला रीसेलमध्ये ड्युप्लेक्स घेतला. हॉल 14 बाय 18 चा पण उंची 21 फूट. बघायला येणारा प्रत्येक जण मान वर करून वा वा करतो, पण त्या उंचीचं करायचं काय हे कोणी सांगत नाही. नेहमीचा पंखा लावला तर वारा खाली येत नाही, लांब रॉड लागतो, बोललं की आवाज घुमतो, आणि साधा बल्ब बदलायचा तरी परांची लागते. आमच्या ओळखीच्या सुताराने हात वर केले, म्हणाला ताई एवढं उंच माझ्याच्याने नाही व्हायचं. मग 'डबल हाइट स्पेशालिस्ट' म्हणून एक जण मिळाला. कसा मिळाला, काय फोटो दाखवले, बाणेरची साइट कशी फिरवून आणली, ते तुम्हाला माहितीच आहे, सगळीकडे तेच असतं.

कोटेशन असं होतं. एका भिंतीला साग व्हिनियरचं (म्हणजे प्लायवर चिकटवलेला खऱ्या सागाचा पातळ थर) पॅनेलिंग, 294 स्क्वेअर फूट, 950 च्या रेटने 2,79,300. इटालियन क्रिस्टलचं झुंबर 1,85,000. पडद्याचं कापड 62 मीटर, 850 ने 52,700. मोटरवाला ट्रॅक 68,000. फॉल्स सीलिंग 40,320. परांचीचं भाडं 24,000. सोफा आणि टीपॉय 1,60,000. एकूण 8,09,320. जीएसटी बिल हवं असेल तर 18 टक्के वर. आता इथे लगेच कोणीतरी शहाणपणा शिकवेल, पण 8 लाखांवर 18 टक्के म्हणजे जवळजवळ दीड लाख होतात हो, आणि पुण्यात घराचं काम करताना किती जण पक्कं बिल घेतात ते मला सांगा.

आता ते झुंबर. हे आठवलं की अजून डोकं तापतं. चॅटमध्ये त्याने स्वतः लिहिलंय, वजन 58 किलो, स्लॅबमध्ये चार अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) मारलेत, बिनधास्त राहा मॅडम. ज्या दिवशी माल आला त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि एक पोरगा, असेल अठरा एकोणीस वर्षांचा, एकटा, खोकं एका खांद्यावर टाकून जिन्याने वर आला. धाप नाही काही नाही. खोकं खाली ठेवलं तर आवाज सुद्धा झाला नाही. मी त्याला पाणी दिलं. 58 किलो म्हणजे गव्हाचं 50 किलोचं पोतं आणि वर आणखी 8 किलो, आणि हा पोरगा दुसऱ्या हाताने मोबाइल बघत होता! सासूबाई तिथेच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या सुद्धा, एवढंच होय गं? मी त्या स्पेशालिस्टला फोन लावला तर म्हणे बाकीचं क्रिस्टल मागच्या गाडीत येतंय, हा फक्त सांगाडा आहे. पटण्यासारखंच होतं ना? माझा त्या वेळी ऑफिसचा कॉल चालू होता, हे चाकणला सेकंड शिफ्टला, आणि झुंबर कोण रोज विकत घेतं की त्याचं वजन हाताला कळावं. मागची गाडी अर्थात आलीच नाही, पण संध्याकाळपर्यंत झुंबर वर गेलेलं होतं आणि खालून लखलखत होतं.

ते अ‍ॅक्रिलिक निघालं. काच हाताला गार लागते आणि जड असते, एकमेकांवर हलकं आपटलं की किणकिणते. अ‍ॅक्रिलिकचा आवाज बद्द येतो. हे मला आता माहितीये. तुम्ही झुंबर वर जायच्या आधी एक लोलक हातात घ्या, पाच सेकंद लागतात. आणि साइजचं पण ऐका, खोलीची लांबी आणि रुंदी फुटात मिळवायची, जो आकडा येईल साधारण तेवढे इंच व्यास पुरतो. आमचे 14 आणि 18, म्हणजे 32 इंच. मला 48 इंची विकलं, 'उंचीला शोभतं' म्हणून. तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या दिव्यांच्या बाजारात, तसलंच प्लास्टिकचं मला नंतर 31,500 ला सांगितलं, ते पण घासाघीस न करता.

भिंतीची गंमत तर पुढेच आहे. काम संपत आलं तेव्हा त्याने घाई सुरू केली, परांची आजच सोडायची, नाहीतर रोजचे 1,200 तुमच्यावर चढतील, आणि सोडायच्या आधी 1,00,000 टाका म्हणजे पोरांचा पगार निघेल. वर चढून बघायचं ना, असं माझा भाऊ म्हणाला. त्याला म्हटलं तू चढ 21 फूट त्या हलणाऱ्या बांबूंवर. खालून सगळं एकसारखं दिसत होतं, तोच रंग, त्याच लाकडाच्या रेषा, पैसे दिले.

दोन महिन्यांत पडद्याची मोटर अडकली, तोपर्यंत हा फोन उचलेनासा झाला होता, म्हणून दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावला. तो वर गेला आणि वरूनच ओरडला, मॅडम हे लाकूड नाहीये! नऊ फुटांपर्यंत खरं व्हिनियर, 710 चा (पाण्याला टिकणारा) प्लाय, सगळं नीट, हात लावून खुशाल बघा. त्याच्या वरचे बारा फूट लाकडासारखी छापलेली पीव्हीसी शीट, मागे हलका बोर्ड, तो पण डिंकाने चिकटवलेला. म्हणजे 168 स्क्वेअर फूट, 950 ने 1,59,600 रुपये प्लास्टिकचे. आणि झुंबर स्लॅबला नाहीच, फॉल्स सीलिंगच्या पत्र्याच्या चॅनेलला वायरने बांधलेलं, खाली माझी मुलगी अभ्यासाला बसते. अ‍ॅक्रिलिक होतं म्हणून पडलं नाही, खरं क्रिस्टल असतं तर काय झालं असतं याचा विचार सुद्धा नको वाटतो. ह्या माणसाचा सगळा धंदा एवढ्यावरच चालतो, जिथे आपला हात पोचत नाही तिथे वाट्टेल ते लावायचं.

पडद्याचा हिशोब पण करून ठेवा. खिडकी 12 फूट रुंद, दुप्पट चुण्या धरल्या तर 24 फूट, कापडाचा पन्हा 48 इंच, म्हणजे सहा पट्ट्या. अठरा फुटांची एक पट्टी, वर खाली मुडपायला धरून 5.8 मीटर. सगळं मिळून 35 मीटर. मला 62 लावले, म्हणजे 27 मीटर, 22,950 रुपये हवेत. आणि सोफा? सोफ्याचं अजून लाकूडच कापलं नसणार. आम्ही सतरंजीवर बसतो.

आता पोलीस. आधी चौकीत गेलो. म्हणाले ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले हद्द तुमची ती चौकी. परत चौकी. शेवटी एका साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, काम झालंय ना? झुंबर लागलंय ना? मग फसवणूक कसली, हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा. मी म्हटलं चॅटमध्ये क्रिस्टल लिहिलंय आणि लावलंय प्लास्टिक, याला काय म्हणतात मग? 1 जुलै 2024 पासून 420 जाऊन भारतीय न्याय संहितेचं 318 आलं, पण समोरच्याचं वाक्य काही बदललं नाही. पक्कं बिल कुठंय विचारलं, नाही म्हटल्यावर ते असे हसले की मीच चोर. एकाने तर, एवढा उंच हॉल कशाला घेता, असं पण ऐकवलं. ह्यांनी अर्जावर आवक क्रमांक मागितला तर शिक्का साहेबांच्या कपाटात आहे, साहेब बंदोबस्ताला. पुढच्या वेळी तो अर्जच सापडेना. सोसायटीत गेले तर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं, सेक्रेटरी म्हणतात तुम्ही लेखी द्यायला हवं होतं, आणि लेखी दिलं तर म्हणतात मीटिंगमध्ये ठेवू. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीचा एक नंबर मिळाला, मग मेसेज आला की समोरचा नोंदणीकृत कंपनी नाही, सबब तक्रार बंद. म्हणजे ज्याने नोंदणीच केली नाही तो सगळ्यात सुरक्षित, आणि आम्ही टॅक्स भरणारे ह्या टेबलावरून त्या टेबलावर. महारेराचा सल्ला कृपा करून देऊ नका, ते बिल्डरसाठी आहे, इंटिरियरवाल्यासाठी नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र तक्रार टाकलीये. 50 लाखांपर्यंत दिलेले पैसे असतील तर जिल्ह्यातच चालते, आपण राहतो तिथे टाकता येते, 5 ते 10 लाखांना फी फक्त 200 रुपये, वकील नसला तरी चालतं, पण दोन वर्षांच्या आत. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन होते. पक्कं बिल नसलं तरी बँकेचं स्टेटमेंट आणि चॅट लावा. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, चॅटसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट जोडावं लागतं.

आणि प्लायवरचा आयएसआयचा शिक्का नुसता बघू नका, त्यावरचा लायसन्स नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा. परांची असताना आपला माणूस वर पाठवा, व्हिडिओ काढायला लावा, स्लॅबमधल्या फास्टनरचा पण, सीलिंग बंद व्हायच्या आधी. परांची सुटेपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही, रोजचे 1,200 गेले तर जाऊ देत. झुंबर खाली आणायचं विंच लावून घ्या, पुसायला पण बरं पडतं.

तो अजून धंद्यात आहे, नवीन नंबर, नवीन नाव. माझ्या पुतणीला त्याची जाहिरात दिसली, त्यात आमचाच हॉल आहे, खालून काढलेला. बावधन, पाषाण, सूसकडे कोणी तुम्हाला डबल हाइटचं काम दाखवलं आणि त्यात सागाची एक अख्खी भिंत, 48 इंची झुंबर आणि सोफा नसलेली रिकामी फरशी दिसली, तर त्याला एवढंच म्हणा, वरच्या बारा फुटांचा जवळून काढलेला फोटो दाखव.