डालमा फर्स्ट क्लास, पाटीवरचं ‘ईस्ट इंडियन’ तेवढं काढा

हे ओडिया जेवणाचं हॉटेल जुईनगर स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर आहे. मोजकी टेबलं, एसीचा आवाज जरा जास्त, पण स्वच्छता चांगली. वाशीत स्टेशनाशेजारी निरनिराळ्या राज्यांची सरकारी भवनं आहेत, त्यांतलं हे नव्हे. हे खासगी हॉटेल आहे. आधी चवीचं सांगतो, भांडणाकडे नंतर येतो.

डालमा मागवाच. तूरडाळीत कच्ची पपई, लाल भोपळा, सुरण, कच्चं केळं असं सगळं मोठ्या फोडींनी शिजवलेलं आणि वरून भाजलेल्या जिऱ्या-मिरचीची भरड. कांदा-लसूण नावाला नाही. इथे भाज्यांचा गाळ होत नाही. सुरणाची फोड दाताखाली येते आणि भरडीचा वास ताट समोर ठेवल्याठेवल्याच कळतो. बडी चुरा म्हणजे उडदाचे सांडगे तळून चुरडायचे आणि त्यात लसूण, हिरवी मिरची, कच्चं मोहरीचं तेल. मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला, सांडगे काय ते आम्हाला शिकवू नये. पण हा चुरा मी दुसऱ्यांदा मागून घेतला. मासे खाणाऱ्यांनी रोहूचा बेसर घ्यावा. मोहरी वाटलेली, आंबटपणाला आंबोशी. आमच्या सौ रत्नागिरीच्या, त्यांना नदीचा मासा म्हणजे काटेच काटे. त्यांनी रस्सा भातावर घेतला आणि मासा माझ्या ताटात सरकवला. शाकाहारी थाळी २२० रुपये, माशाची ३२०. भात हवा तेवढा.

आता पाटी. दारावर मोठ्या अक्षरात ‘ईस्ट इंडियन थाळी’. अहो, ठाणे-वसईकडे ईस्ट इंडियन म्हणजे आपले मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक! कोणी त्यांच्या बॉटल मसाल्याच्या आशेने आत शिरला तर त्याला डालमा बघून घाम फुटेल. पण तेही सोडा. ओडिशा पूर्वेत धरायचा की नाही, यावरच आमच्या टेबलावर डाळ येण्याआधी जुंपली. बसायला माणसंही तशीच होती. वरच्या मजल्यावरचे बंगाली शेजारी, आमचे जावई (विशाखापट्टणमचे), आणि मी.

शेजाऱ्यांचं म्हणणं सरळ. १९५६ च्या कायद्याने राज्यांच्या विभागीय परिषदा झाल्या, त्यात ओडिशा पूर्व विभागात, बंगाल-बिहारबरोबर. मोहरीचं तेल, पाच मसाल्यांची फोडणी, छेन्याची (म्हणजे फोडलेल्या दुधाच्या पनीरची) मिठाई, सगळं पूर्वेचं. रसगुल्ला कोणाचा हे मात्र त्यांनी काढलं नाही. बंगालला त्याचं भौगोलिक मानांकन २०१७ ला मिळालं आणि ओडिशाच्या रसगोल्याला २०१९ ला, तेव्हा तो विषय कोणीच काढू नये हे बरं.

जावई म्हणाले, “बाबा, इच्छापुरम सोडून गाडी गंजामात शिरली की राज्य बदललेलं कळतसुद्धा नाही. ब्रह्मपूरच्या बाजारात तेलुगू चालते.” चुकीचं नाही ते. गंजाम १९३६ पर्यंत मद्रास इलाख्यात होतं.

मग माझी पाळी. संबलपूर १९०५ पर्यंत मध्य प्रांतात होतं आणि मध्य प्रांताची राजधानी कोणती? नागपूर. त्याआधी १७५१ पासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत कटकवर अंमल नागपूरकर भोसल्यांचा. पुरीच्या मंदिरासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून तिथे आणला गेला तो मराठ्यांच्याच काळात. हे ऐकल्यावर शेजाऱ्यांनी “बर्गी (म्हणजे मराठा स्वार) आले, बर्गी!” म्हणून कपाळाला हात लावला. बंगालवरच्या स्वाऱ्या ते लोक अजून विसरलेले नाहीत, आणि का विसरावं? त्या काही तीर्थयात्रा नव्हत्या. मी पाणी प्यायलो.

माझी नोकरी कल्याणला आरक्षण खिडकीवर गेली. ओडिशाचा माणूस खिडकीवर आला की मी आधी गाव विचारायचो. ब्रह्मपूर म्हणाला की कोणार्क एक्स्प्रेस: पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम. झारसुगुडा किंवा राउरकेला म्हणाला की हावड्याची गाडी: नागपूर, रायपूर, बिलासपूर. राज्य एक, पण एक माणूस आंध्राच्या किनाऱ्याने घरी जाणार, दुसरा छत्तीसगडातून. खिडकीवर बसून नुसतं ‘पूर्वेकडचा’ म्हटलं असतं तर अर्धे लोक भलत्याच गाडीत बसले असते.

खरा फैसला व्हायला हवा होता एंडुरी पिठ्यावर. ही फक्त रविवारी मिळते, तीही दुपारपर्यंत. हळदीच्या पानात घालून वाफवलेली. पान उघडल्याबरोबर सौ म्हणाल्या, “ह्या तर आमच्या नागपंचमीच्या पातोळ्या!” वास तोच, पानाच्या शिरा उमटलेल्या तशाच. पण पीठ निराळं. तांदूळ आणि उडीद वाटून आंबवलेलं, म्हणजे अंगाने इडली. जावई लगेच म्हणाले, बघा, दक्षिण. आत चमचा घातला तर खोबरं-गुळाबरोबर छेना. शेजारी म्हणाले, बघा, पूर्व. आणि पान कोकणचं म्हणून सौनी तो प्रांत परस्पर रत्नागिरीला जोडून टाकला. एवढ्याशा पिठ्यावर तीन राज्यांनी हक्क सांगितला आणि मला त्यातला एक घाससुद्धा धड मिळाला नाही. दुसरी प्लेट सांगितली तर संपली होती.

पखाळचंही तेच. भात रात्री पाण्यात घालून किंचित आंबवायचा, सोबत पालेभाजी, भाजलेलं वांगं, बडी चुरा. उन्हाळ्यात मिळते. शेजारी म्हणाले आमचं पान्ताभात, जावई म्हणाले आमचं चद्दन्नम, आणि नागपूरच्या पलीकडे रायपूरला गेलात तर तिथली बासी याच कुळातली. वाढणारा मुलगा गंजामचा. तो ऐकत होता. शेवटी हसून म्हणाला, “साब, हमारे यहाँ सुबह इडली, दोपहर में पखाळ,” आणि भात वाढून गेला. त्याला या वादात काडीचा रस नव्हता.

माझी तक्रार मालकाकडे आहे आणि ती नुसत्या पाटीची नाही. सरकारी बैठकांसाठी ओडिशाला पूर्व विभागात बसवलं, ठीक आहे, कुठेतरी बसवावंच लागतं. पण तीच चौकट स्वयंपाकघरात आली की काय होतं ते मेन्यूवर बघा. पूर्वेचं म्हणवायचं म्हणून बंगाल्यांची लुची (मैद्याची पुरी) आणि कोशा मांग्शो (परतलेलं मटण) ठेवलंय. लुची चामट होती. शेजाऱ्यांनी एक तुकडा तोडला आणि बाजूला ठेवला. बंगाली माणसाने लुची टाकणं म्हणजे काय ते समजा. आणि पश्चिम ओडिशाचं मेन्यूत काहीच नाही. संबलपूरकडचे चाउल बरा, म्हणजे तांदळाचे वडे, नाहीत, बांबूच्या कोंबाचं काही नाही. मालक कटक बाजूचे, त्यांना विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाईक मागत नाही. पाटीवर जे लिहिलंच नाही ते गिऱ्हाईक मागणार कसं? नुसतं ‘ओडिया’ लिहा. लुचीची कढई बंद करा आणि त्या जागी चाउल बरा तळा. घणसोली-ऐरोलीकडून मी लोक घेऊन येतो.

बाकी किरकोळ. छेना पोडा थेट फ्रिजमधून आला, मध्ये गारढोण. ही मिठाई भाजलेली असते, खालच्या करपलेल्या साखरेच्या थरातच सगळी मजा. ती खोलीच्या तापमानाला हवी. टोमॅटोचा खट्टा खजूर घातलेला, छान. टीव्हीवर ओडिया बातम्या मोठ्या आवाजात चालू असतात, सांगितलं तर कमी करतात. पार्सलमध्ये डालमा नीट येतो, पखाळ मागवू नका, डब्यातून पाणी सांडतं. हात धुवायची जागा अरुंद आहे, ज्येष्ठांनी सांभाळून.

पाचपैकी चार. रविवारी साडेबाराच्या आत पोचा आणि बसल्याबसल्या एंडुरी आधी सांगून ठेवा, माणशी एक. सोमवारी बंद असतं. दुचाकी समोर लागते, चारचाकीला जागा नाही.