जमेच्या बाजू शोधायच्या कशा: चाचणी करून, माणसांना विचारून की वही लिहून?

मुलाखतीला आलेल्या मुलाला "तुमच्या जमेच्या बाजू सांगा" म्हटलं की पुढची दोन वाक्यं मला बहुधा पाठ असतात. मेहनती आहे, प्रामाणिक आहे, टीममध्ये काम करायला आवडतं, नवीन गोष्ट लवकर शिकतो. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यासाठी भरती करताना हे इतक्यांदा ऐकलंय की 'मेहनती' हा शब्द आता कानावरून नुसता निघून जातो. मुलगा खोटं बोलत नसतो. पण बाहेर बाकावर बसलेले बाकीचेही हेच सांगणार असतात, मग निवडायचं कशावरून?

हल्ली मुलं विचारतात, सर, ती ऑनलाइन चाचणी करू का, पैसे भरू का? नोकरीत चार-पाच वर्षं झालेलेही विचारतात. त्यांना मुलाखतीपेक्षा 'आपण नेमके कशात बरे आहोत' हे कळलेलं हवं असतं. दोघांसमोरचे पर्याय तेच आहेत: दोन नावाजलेल्या चाचण्या, आपल्याला ओळखणारी माणसं, किंवा एक साधी वही. माझा कल आधीच सांगून टाकतो. मुलाखत तोंडावर असेल तर माणसांना विचारा. नोकरीत असाल तर वही धरा. फुकटची चाचणी कोणीही करून बघावी. पैशांची चाचणी बहुतेकांनी स्वतःच्या खिशातून करू नये.

दोन चाचण्या

फुकटची म्हणजे व्हीआयए, स्वभावातले गुण क्रमाने लावून देणारी ऑनलाइन चाचणी. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये स्वभावातल्या २४ गुणांची सहा गटांत मांडणी केली. चाचणी त्यावर उभी आहे. कुतूहल, चिकाटी, न्यायबुद्धी, दयाळूपणा, विनोदबुद्धी असे हे गुण. सध्याच्या आवृत्तीत ९६ विधानं येतात, प्रत्येक आपल्याला किती लागू पडतं ते सांगायचं. पंधरा मिनिटांत काम होतं आणि चोवीसही गुणांचा क्रम फुकट मिळतो. त्यापुढचा सविस्तर अहवाल विकत असतो. तो सोडून दिला तरी काही बिघडत नाही.

पैशांची म्हणजे गॅलप या अमेरिकन सर्वेक्षण कंपनीची क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स, मानसशास्त्रज्ञ डॉन क्लिफ्टन यांच्या कामावरची. हिच्यात ३४ प्रकार, चार गट. विधानांच्या १७७ जोड्या समोर येतात आणि प्रत्येक जोडीला २० सेकंदं मिळतात, त्यामुळे शोभेसं उत्तर शोधत बसायला वेळच नसतो. हा भाग मला आवडतो. पहिल्या पाच गुणांचा अहवाल साधारण २५ डॉलरला आणि पूर्ण चौतीसचा ६० डॉलरच्या आसपास पडतो. भरण्याआधी आजचा भाव बघून घ्या. पेडण्याहून रोज बस बदलत म्हापशाला कॉलेजला येणाऱ्या मुलासाठी ही रक्कम लहान नाही.

मोजमापातही दोघींचं जमत नाही. व्हीआयए माणूस कसा आहे ते सांगते, क्लिफ्टनची चाचणी तो काम कसं करतो त्याच्या जवळ जाते: हातातलं तडीस नेणं, विस्कटलेलं मांडून देणं, निर्णयाआधी धोके चाचपणं. कामाच्या ठिकाणी दुसरी भाषा जास्त उपयोगी पडते हे मान्य. पण तिचा खरा उपयोग अख्ख्या विभागाने मिळून ती केली आणि नंतर एकत्र बसून बोलले तर होतो, आणि तेव्हा पैसे कंपनीने भरावेत. एकट्याने अहवाल घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय गॅलप स्वतःच सांगते की ही चाचणी माणसाच्या विकासासाठी आहे, नोकरीसाठी निवड करायला नाही. तेव्हा बायोडेटात 'माझे पाच गुण' छापून मुलाखत घेणाऱ्यावर छाप पडेल या आशेवर राहू नका.

दोन्ही अहवाल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि 'तुमचं विश्लेषण' म्हणून प्रत्येकाला कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांना एकच होता, ज्योतिषाच्या पुस्तकातली वाक्यं जुळवून केलेला. व्हीआयए किंवा क्लिफ्टन त्या दर्जाच्या नाहीत, त्यांच्यामागे बरंच संशोधन आहे. पण 'अगदी माझ्याबद्दलच लिहिलंय' असं वाटणं हा काही पुरावा होत नाही.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात आहे. काही लोकांना त्यांनी आपले ठळक गुण फक्त ओळखायला लावले, काहींना त्यातला एखादा गुण आठवडाभर रोज नव्या तऱ्हेने वापरायला सांगितला. नुसता ओळखण्याचा परिणाम लवकर विरला. वापरणाऱ्यांच्या बाबतीत समाधान वाढलेलं आणि खिन्नता कमी झालेली सहा महिन्यांपर्यंत दिसली. मग चाचणी फुकट की पैशांची, या प्रश्नात फार दम राहत नाही.

माणसांना विचारणं

ही रीत मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी नीट बांधली. घरचे, मित्र, शिक्षक, सहकारी अशा दहा-वीस जणांना विचारायचं की मी सगळ्यात चांगला कधी दिसलो तो प्रसंग सांगा, आणि आलेल्या प्रसंगांत सारखं काय आहे ते शोधायचं. खर्च शून्य. अवघड जातं ते विचारणं. आपल्याकडे स्वतःचं कौतुक मागायचं म्हणजे जीव अर्धा होतो, आणि विचारलंच तर मामा म्हणतात, "तू गुणी मुलगा रे, तुला काय कमी?" म्हणून गुण विचारायचाच नाही, प्रसंग विचारायचा. व्हॉट्सअॅपवर असा मेसेज चालतो: "काका, नोकरीच्या मुलाखतीची तयारी करतोय. मी एखादं काम चांगलं निभावलं असं तुम्हाला वाटलं तो एक प्रसंग आठवून सांगाल का? काय झालं होतं आणि मी काय केलं, एवढंच." उत्तरं कोकणीत, व्हॉइस मेसेजवर, अर्धी भलत्याच विषयावर येतील. येऊ देत. ऐकून मराठीत उतरवून काढा.

पेडणे तालुक्यातल्या एका मुलाचं उदाहरण देतो. गोदामातल्या नोंदींच्या कामासाठी अर्ज करणार होता. व्हीआयएत प्रामाणिकपणा वर आला होता, आणि सरावाच्या मुलाखतीत तो तेच म्हणाला, "सर, मी प्रामाणिक आहे." यावर पुढे विचारायचं तरी काय? मग त्याने माणसांना मेसेज पाठवले. तीन वेगवेगळ्या लोकांनी एकाच गोष्टीचा उल्लेख केला: गावच्या देवळातला पावणीचा हिशेब. जत्रेत देवापुढचे नारळ, फळं यांची बोली लागते; बोली त्याच रात्री होते, पैसे मात्र लोक सवडीने देतात. जुन्या वहीत बोलीची रक्कम लिहिलेली असायची, जमा झाली की नाही ते कोणाच्या तरी आठवणीत. याने पानाचे दोन रकाने केले, बोली एकीकडे, जमा दुसरीकडे, आणि बाकी राहिलेल्यांची नावं शेवटच्या पानावर. कोणाचा अपमान होऊ नये म्हणून ते पान देवळात न लावता तो एकेकाच्या घरी जाऊन आला. पुढच्या जत्रेआधी उधारी मिटली.

हे त्याला सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. देवळाचं काम ते, त्यात काय! पण गोदामात माल आला किती आणि गेला किती, यातली फट शोधणं हेच तर काम असतं. प्रामाणिकपणा हा शब्द त्याने एकदाही न उच्चारता मला तो दिसला, आणि वर पैसे मागताना समोरच्याचा मान कसा सांभाळावा याची जाणही दिसली, जी कुठल्या चाचणीत आली नव्हती. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेल्या 'जोहरी खिडकी'त हा कप्पा आहेच: इतरांना दिसतं, आपल्याला दिसत नाही. चाचणी आपल्याच उत्तरांवर चालते, त्यामुळे तो कप्पा तिला उघडता येत नाही.

मुलाखतीसाठी हे साहित्य थेट कामाला येतं. प्रसंग काय होता, जबाबदारी कोणाची होती, मी काय केलं, शेवटी काय झालं, या क्रमाने दीड मिनिटात सांगता आलं पाहिजे. असे तीन-चार प्रसंग तयार असले की जमेच्या बाजू, अडचणीतून मार्ग, कोणाशी मतभेद, सगळ्या प्रश्नांना ते वळवून वापरता येतात. नाटकात पडद्यामागे काम केलंय, भजनी मंडळाचं वेळापत्रक बसवलंय, चतुर्थीत घरची पूर्ण जबाबदारी घेतलीय, हे सगळं चालतं. 'अनुभव नाही' असं सांगणाऱ्या गोव्यातल्या मुलांकडे हा अनुभव पोत्याने असतो.

या रीतीत खोट आहे ती अशी की माणसं गोड बोलतात. तुमचं काम कुठे अडतं ते ती सांगणार नाहीत.

वही

ते वही सांगते. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९९९ मधल्या एका लेखात ही पद्धत दिली: महत्त्वाचा निर्णय घेताना किंवा काम हाती घेताना काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं, आणि नऊ ते बारा महिन्यांनी जे झालं त्याच्याशी ताडून बघायचं. कुठे आपला अंदाज सतत बरोबर येतो आणि कुठे सतत फसतो, ते दोन-तीन वर्षांत कळतं. ड्रकर म्हणतात की ही सवय जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लॉयोला यांनी आपल्या अनुयायांना लावली होती. ज्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जिझसमध्ये ठेवलंय ते फ्रान्सिस झेवियर हे लॉयोलांचे सुरुवातीचे साथीदार, तेव्हा पद्धत आपल्याला अगदीच परकी नाही.

वहीची अडचण उघड आहे: पुढच्या महिन्यातल्या मुलाखतीला ती काहीच देत नाही. पण नोकरीत असलेल्यासाठी ती बाकी तिन्हींपेक्षा खरी आहे, कारण गुण जास्त झाला की नडतो हे तिच्यातच सापडतं. कारखान्यात हे नेहमी पाहायला मिळतं. बारकाईने काम करणारा ऑपरेटर बढती मिळून सुपरवायझर होतो आणि हाताखालच्यांची प्रत्येक नोंद स्वतः तपासत बसतो. बॅच अडून राहते, माणसं वैतागतात. त्याचा गुण तोच आहे, जागा बदलली. वहीत 'शुक्रवारपर्यंत होईल' असं लिहिलं आणि दर वेळी पुढचा बुधवार उजाडला, तर कारण शोधावंच लागतं. वर्षभर थांबणं जमणार नसेल तर महिन्याच्या कामांवर करा. ड्रकरांच्या पद्धतीची ही पातळ आवृत्ती आहे, पण चालते.

'तुमची कमकुवत बाजू सांगा' या प्रश्नाचं पटणारं उत्तरही इथूनच मिळतं. "मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे" हे वाक्य कृपा करून बंद करा. त्याऐवजी "मी वेळेचा अंदाज कमी धरतो असं लक्षात आलं, म्हणून आता कामाचे टप्पे पाडून तारखा लिहितो" असं कोणी म्हणालं की मी पेन खाली ठेवून ऐकतो.

कोणी काय करावं

कॉलेजचं शेवटचं वर्ष असेल तर एका संध्याकाळी व्हीआयए करा, यादीतले पहिले चार-पाच गुण बाजूला लिहा आणि त्याच रात्री मेसेज पाठवा. आठ-दहा दिवसांत उत्तरं आली की दोन्ही जुळवा. जो गुण यादीतही आहे आणि ज्याला प्रसंगही मिळाला, तो मुलाखतीत न्यायचा. ज्याला एकही प्रसंग नाही तो तूर्त सोडून द्यायचा, चाचणीत पहिल्या नंबरवर असला तरी. नोकरी बदलायच्या विचारात असाल तर आधी जुन्या साहेबांपैकी एकाला तरी विचारा. घरच्यांपेक्षा त्यांचं उत्तर जास्त उपयोगाचं, मग ते थोडं टोचलं तरी.

सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्यांचं गणित वेगळं. केंद्राने गट क आणि अराजपत्रित गट ब मधल्या पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या, तिथे लेखी परीक्षेलाच वेळ द्यावा. गोवा लोकसेवा आयोगाच्या पदांना मात्र मुलाखत आहे, आणि जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम असं लिहिलेलं असतं. तिथे जाणाऱ्याने आपले तीन-चार प्रसंग कोकणीतही मोठ्याने सांगून पाहावेत, कारण इंग्रजीत पाठ केलेलं उत्तर कोकणीत प्रश्न आला की अडखळतं.