कारखान्यांच्या शेजारी घर: बजाजनगरमध्ये राहिल्यानंतरचा अनुभव

वाळूज औद्योगिक वसाहतीत नोकरी आणि छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात घर, ही ओढाताण थांबवण्यासाठी आम्ही दिवाळीनंतर वाळूज वसाहतीतल्याच बजाजनगरमध्ये भाड्याने रो-हाऊस घेतले. येथे उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर, घर शोधणाऱ्या नोकरदार कुटुंबांसाठी हे लिहीत आहे.

सर्वांत मोठा लाभ वेळेचा आहे. पूर्वी छावणी, नगर नाका आणि वाळूजजवळचे छोटे पंढरपूर ओलांडेपर्यंत कंपन्यांच्या बसगाड्या, मालवाहू ट्रक आणि दुचाकी यांच्या गर्दीत सकाळ संपत असे; आता मी सायकलने कंपनीच्या गेटवर पोहोचतो आणि संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेऊ शकतो. बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये वाळूजला सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणारे उद्योग वाढले आणि जालना, बीड, परभणीकडून कामगार येऊन राहिले. त्यामुळे किराणा, खाणावळ, शिकवणी, गॅरेज हे सारे येथे गरजेतून उभे राहिले आहे आणि रोजच्या कामासाठी शहरात जावे लागत नाही. गंभीर आजारात मात्र घाटी रुग्णालय किंवा शहरातील मोठा दवाखाना गाठावा लागतो. आषाढीला छोट्या पंढरपूरच्या यात्रेमुळे नगर रस्ता गजबजतो, त्या दिवशी तर हे अंतर फारच जाणवते.

पाण्याची चौकशी सर्वांत आधी करावी. शहर आणि ही वसाहत दोन्ही जायकवाडीवरच अवलंबून आहेत, तरी आमच्या गल्लीत नळ जुन्या घरापेक्षा नियमित येतो. हौद मोठा नसेल तर उन्हाळ्यात अडचण होतेच. शिवाय भूखंड औद्योगिक विकास महामंडळाचे आणि गावकारभार वडगाव कोल्हाटी-बजाजनगर ग्रामपंचायतीचा, अशी येथील रचना असल्यामुळे ड्रेनेज तुंबले किंवा पथदिवा बंद पडला तर नेमके कोठे जायचे, हे शेजाऱ्यांकडून आधीच समजून घ्यावे. आम्हाला ते कळेपर्यंत बरेच हेलपाटे पडले.

शहराच्या पलीकडे शेंद्रा येथील ऑरिक या नव्या नियोजित औद्योगिक शहरात भूमिगत वाहिन्या आणि निवासी-व्यापारी वापरासाठी राखलेली सुमारे 40 टक्के जमीन आहे. तेथील रस्ते पाहून मला मनापासून आनंद होतो. पण नकाशावर जागा राखली म्हणून वस्ती तयार होत नाही. भाजीवाला, बालवाडी आणि रात्री उघडे असणारे औषधांचे दुकान यायला वर्षे लागतात, आणि ती वर्षे बजाजनगरने कधीच पार केली आहेत.

ज्यांची नोकरी वाळूजमध्येच आहे, त्यांनी येथे अवश्य राहावे. पती किंवा पत्नी शहराच्या दुसऱ्या टोकाला चिकलठाणा अथवा शेंद्र्याला कामाला असेल, तर एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या प्रवासात जाईल. घर निवडताना कारखान्यांना लागून असलेली रांग टाळावी, कारण तेथे कारखान्यातील प्रेस यंत्रांचा हादरा भिंतीला जाणवतो. आतल्या गल्ल्यांत भाडे थोडे अधिक असले तरी रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप मिळते.