सायकलची चेनरिंग बदलताना: कंपनीचीच की दुसऱ्या बनावटीची?

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या भावाचा प्रश्न आहे: पेडलजवळच्या ५० आणि ३४ दातांच्या जोडीतली (५०-३४) मोठी चेनरिंग, म्हणजे चेन ओढणारी दातेरी चकती, झिजली; कोणती घेऊ?

भाऊ, आधी बसते का ते पाहा. पाच हातांच्या क्रँकवर (पेडलचा दांडा; त्याच्या हातांना रिंग बोल्टांनी बसते) शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर मोजा. ६४.७ मिमी आलं तर बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास ११० मिमी, ७६.४ आलं तर १३० मिमी; रिंग त्याच मापाची हवी. शिमानो या कंपनीच्या चार हातांच्या क्रँकचे हात असमान अंतरावर असतात; तिथे पाच बोल्टांची रिंग बसतच नाही.

किमतीत दुसरी बनावट बहुधा स्वस्त. पण खरा फरक गिअर बदलताना कळतो. कंपनीच्या मोठ्या रिंगच्या आतल्या बाजूला चेन वर उचलणाऱ्या खाचा आणि पिना असतात, त्याही ३४ दातांच्या जोडीसाठीच बेतलेल्या. अशा खाचा-पिना नसलेल्या सपाट रिंगवर चेन अडखळत चढते.

टिकायला मात्र पोलाद ॲल्युमिनियमपेक्षा सरस, वजन जास्त असलं तरी. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत हे मोलाचं आहे. कोणतीही घ्या, ताणलेली चेन सोबत बदलाच.

घाटात सतत गिअर बदलत असाल तर कंपनीचीच घ्या. सपाट रस्त्यावर रोज शाळा-बाजार करणाऱ्याला दुसऱ्या बनावटीची पोलादी पुरते.