घोड्याच्या अँटी-स्वेट शीटमध्ये फसवणूक नेमकी कुठे होते

अँटी-स्वेट शीट म्हणजे रपेटीनंतर घामाने भिजलेला घोडा वाळावा म्हणून त्याच्या अंगावर घालायची चादर. तिच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं: निटेड (फंद्यांच्या विणीचं) कॉटन, ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजन), घाम खेचून बाहेर सोडणारी, घोड्याच्या अंगावर थेट घालता येणारी. हाती येते ती शीट दिसायला छानच असते. मऊ, ताणली की जागेवर येणारी, कडेला जाड पट्टी शिवलेली. सुरुवातीच्या काही रपेटींनंतर कामही बरं देते. मग ती धुतली जाते, पुन्हा धुतली जाते, आणि एक दिवस शीटखाली हात घातला तर कोपरामागे आणि कमरेवर केस चिंब, शीटची आतली बाजू ओली आणि बाहेरची बाजू जवळजवळ कोरडी. घाम आतच कोंडलेला. अशा ओल्या अंगाला वारा लागला की घोडा गारठतो, पाठीचे स्नायू आखडतात. ही शीट घातलीच नसती तर तो लवकर वाळला असता. एव्हाना माल परत करायची मुदत उलटून गेलेली असते, आणि विकणाऱ्याचा सगळा भरवसा त्याच मुदतीवर असतो.

कापडाचं काम समजलं की खोट कुठे आहे ते पटकन दिसतं. कॉटन म्हणून विकलेलं कापड बऱ्याचदा पॉलिएस्टरच असतं. सामान्य हवेत कॉटन स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतं, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून पॉलिएस्टर वाईट असं मुळीच नाही. उत्तम कूलर, म्हणजे घाम वाळवणाऱ्या अशाच शीट, पॉलिएस्टरचेच असतात. पण त्यात पाणी धाग्यात मुरत नाही, बारीक तंतूंमधल्या फटींतून सरकत बाहेरच्या बाजूला येतं. ही सरकण्याची सोय दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे तंतूच खाचांचा बनवायचा आणि विणही तशीच ठेवायची. ही सोय शीट फाटेपर्यंत टिकते. दुसरी, साध्या पॉलिएस्टरला पाणी ओढणारं रसायन चोपडायचं. हलक्या प्रतीचं रसायन काही धुण्यांतच निघून जातं. दुकानात दोन्ही कापडं पाण्याचा थेंब सारख्याच वेगाने पितात. फरक दिसतो तो धुतल्यानंतर.

त्यामुळे नुसती थेंबाची चाचणी घेऊन समाधान मानू नका. शीटच्या मागच्या कडेचा आतला कोपरा निवडा. त्यावर एक थेंब टाका, तो किती वेळात मुरतो ते पाहा. मग तेवढाच कोपरा कोमट पाण्यात साबणाने पाच-सहा वेळा चोळून, दर वेळी स्वच्छ खंगाळून पूर्ण वाळवा आणि पुन्हा थेंब टाका. चांगल्या कापडावर तो आधीसारखाच काही सेकंदांत पसरतो. फसव्या कापडावर गोल मण्यासारखा बसून राहतो, कापड तिरकं केलं की घरंगळतो. मागवण्याआधीच विक्रेत्याकडे १० बाय १० सेंटिमीटरचा नमुना मागितलात तर आणखी बरं. ज्याचा माल चोख आहे तो एवढ्याशा तुकड्याला नाही म्हणत नाही.

त्याच तुकड्यावर वजनही पडताळता येतं. त्याचे जितके ग्रॅम भरतील त्याला १०० ने गुणलं की जीएसएम मिळतो. ३०० जीएसएमचा तुकडा ३ ग्रॅम भरायला हवा. नमुना नसेल तर शीट पसरून मोजा. समजा लांबी २ मीटर आणि दोन्ही बाजू धरून रुंदी १.६ मीटर आहे. म्हणजे ३.२ चौरस मीटर, आणि ३०० जीएसएमने नुसतं कापडच ९६० ग्रॅम. मानेकडचा काप वजा करा, पण पट्टे आणि बकलांचं वजन वर धरायचं आहे हेही विसरू नका. बकलांसकट सगळं मिळून ७०० ग्रॅमच भरत असेल तर कापड २०० च्या घरातलं आहे. काही ठिकाणी खळ देऊन वजन आणि भरीवपणा आणलेला असतो. कापड बोटांत चुरगळताना कागदासारखं वाजलं किंवा पांढरी भुकटी उडाली तर वजन धुऊन वाळवल्यावरच खरं समजा.

कॉटन म्हणून पॉलिएस्टर गळ्यात मारणं तर सर्रास चालतं. आतल्या शिवणीतून धागा ओढून काढा आणि तबेल्यापासून, गवत-कडब्यापासून लांब, धातूच्या ताटलीत चिमट्याने धरून जाळा. कॉटन कागद जळल्यासारखा वास देतं आणि मऊ राखाडी राख सोडतं. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर कडक गोळी उरते. राख आणि गोळी दोन्ही दिसली तर मिश्रण. एकाच धाग्यावर थांबू नका, कारण जाळी एका धाग्याची आणि कडेची पट्टी दुसऱ्याची असू शकते.

मोठ्या भोकांच्या जुन्या पद्धतीच्या कॉटन जाळीबद्दल एक खोटं फार जोरात सांगितलं जातं: ती एकटीच पुरते. पुरत नाही. ती जाळी भोकांमध्ये हवेचा थर धरून ठेवण्यासाठी असते, आणि तो थर टिकायला वर दुसरी हलकी शीट लागते. उघड्या वाऱ्यात नुसती जाळी घातली तर भोकांतून वारा थेट ओल्या केसांवर येतो. एकाच शीटवर भागवायचं असेल तर घट्ट विणीचं, दोन पदरी निट घ्या.

विण उलटून पाहाच. स्वस्त मालात साध्या न विणलेल्या कापडावर जाळीचा नुसता ठसा उमटवलेला असतो. पाठीमागून फंदे दिसत नाहीत. खऱ्या निटमध्येही आडव्या विणीचं कापड, म्हणजे बनियनचं, एक धागा तुटला की उसवत जातं. घोडा भिंतीला अंग घासतो, दातांनी शीट ओढतो. उभ्या विणीचं वार्प निट तिथे टिकतं. आडवी विण समोरून इंग्रजी व्ही अक्षरांच्या उभ्या रांगांसारखी दिसते आणि कापलेली कड ताणली की गुंडाळी होते.

पोटपट्टे जिथे शिवले आहेत तिथे मागे कापडाचा जाड ठिगळ हवाच. नुसत्या निटवर पट्टा शिवला की ताण एका टाक्यावर येतो आणि पट्टा कापडासकट निघतो. शेपटीखालची दोरी नसेल तर वाऱ्यात मागची बाजू उडून घोडा बुजतो. 'पितळी' बकलाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर ते मुलामा दिलेलं लोखंड आहे आणि घामातल्या क्षारांनी गंजणार.

मापातही खेळ होतो. काही जण छातीच्या मध्यापासून पुठ्ठ्याच्या मागच्या कडेपर्यंत मोजतात, काही जण खांद्यावरच्या उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत फक्त पाठ. दोन्हींत साधारण ५० सेंटिमीटरचा फरक पडतो. आकडा वाचून मागवू नका, कुठून कुठपर्यंत हे लेखी विचारा.

तक्रार केली की ठरलेली उत्तरं येतात. 'घोडा जास्त तापलेला असताना घातली' हे त्यातलं एक, आणि हे कारण खरंही असू शकतं म्हणून ते आधीच मिटवा. घोड्याचं नेहमीचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, विसावा घेताना श्वास मिनिटाला ८ ते १६. रपेटीनंतर श्वास जोरात असताना आणि अंग तापलेलं असताना कुठलीच शीट घालायची नसते. आधी गार पाणी ओतून, चालवून ताप उतरवायचा, अंगावरचं पाणी निथळवायचं, मग शीट. 'धुण्यात चूक झाली' हे दुसरं उत्तर. फॅब्रिक सॉफ्टनरने चांगल्या कापडाचीही शोषण्याची ताकद जाते, तेव्हा तो वापरू नका. घोड्याच्या घामात क्षारांखेरीज लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं, फेस त्याचाच येतो. हे सगळं विणीत वाळून बसू नये म्हणून वापरल्यावर शीट लगेच साध्या पाण्यात खंगाळा.

जाहिरातीचं पान मागवण्याच्या दिवशीच जतन करा, नंतर त्यातला 'कॉटन' शब्द गुपचूप बदलला जातो. पाकीट उघडताना आणि थेंबाची चाचणी घेताना सलग व्हिडिओ घ्या. वजनाचा फोटो काढताना काट्यावरचा आकडा आणि शीटवर शिवलेलं लेबल एकाच चौकटीत येऊ द्या. वेगवेगळे फोटो दिले की ते दुसऱ्या मालाचे आहेत म्हणून विक्रेता हात वर करतो.