इम्प्लांटच्या कडेला अडकलेलं सिमेंट काढून घेतलं, त्या क्लिनिकबद्दल

चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते शेवटी सांगतो.

खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेला स्क्रू आणि त्यावर दाताच्या आकाराची कॅप) बसवून काही वर्षं झाली होती, चावायला एकदम मस्त, त्रास शून्य, आणि मग हळूहळू ब्रश करताना तिथून रक्त यायला लागलं, हिरडी फुगली, दाबलं की पू. दुखत मात्र अजिबात नव्हतं. जिथे इम्प्लांट केलं (नाव देत नाही) तिथे माउथवॉश आणि अँटिबायोटिक लिहून दिलं, कोर्स चालू तोवर बरं, संपला की परत तेच. मग हिरड्यांच्या या स्पेशालिस्टकडे गेलो.

मॅडमनी तोंडात बघायच्या आधीच विचारलं, कॅप स्क्रूची आहे की सिमेंटने चिकटवलेली? आत्तापर्यंत हे कोणी विचारलंच नव्हतं! चिकटवलेली निघाली. पॉकेट, म्हणजे हिरडी आणि इम्प्लांटमधली फट किती खोल ते मोजलं, तर 7 मिलिमीटर. एक्स-रेत हाड कमी झालेलं दिसत होतं पण सिमेंट काही दिसेना, तर म्हणाल्या झिंकवालं सिमेंट पांढरं उठून दिसतं, रेझिनची काही सिमेंटं जवळपास दिसतच नाहीत, आणि इम्प्लांटच्या गालाकडच्या किंवा जिभेकडच्या बाजूला असली तर त्याच्याआड लपतात, त्यामुळे एक्स-रेत नाही म्हणजे नाहीच असं धरायचं नाही.

मी विचारलं, मग सिमेंट इतकी वर्षं गप्प कसं बसलं? तर म्हणाल्या, कॅप दाबून बसवताना जास्तीचं सिमेंट हिरडीखाली पिळलं जातं. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू घुसलेले असतात, इम्प्लांटला ते नुसते लागून असतात, म्हणून सिमेंट खोल उतरतं आणि तिथेच कडक होतं. त्या खडबडीत तुकड्यावर जंतूंचा थर जमत राहतो, शरीराच्या पेशी ते कण गिळायला येतात, ते काही जिरत नाहीत, मग सूज चालूच आणि हाड झिजत जातं. 2009 च्या एका अभ्यासात सूज आलेल्या इम्प्लांटपैकी 81 टक्क्यांत असं सिमेंट सापडलं होतं, आणि लक्षणं कुणाला चार महिन्यांत तर कुणाला नऊ वर्षं उलटून गेल्यावर दिसली होती. काढल्यावर 74 टक्के ठिकाणी सूज गेली.

माझं काम भूल देऊन झालं, कॅप काढली, हिरडी थोडी उघडली आणि टाचणीच्या डोक्याएवढे तुकडे काढून ट्रेमध्ये दाखवले. सुजलेलं मांस फेकून न देता बायोप्सीला पाठवलं हे मला फार पटलं, कारण गाठ दिसली की सूजच असेल असं नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. नवीन कॅप स्क्रूची बसवली, म्हणजे लागली तर खोलून बघता येते, आणि चिकटवायचं सिमेंटच नाही.

आता स्टार. बायोप्सीचा रिपोर्ट रिसेप्शनवरून शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आला, त्यात 'फॉरेन बॉडी जायंट सेल रिअ‍ॅक्शन', सोबत एका ओळीचंही स्पष्टीकरण नाही, आणि क्लिनिक थेट सोमवारी उघडणार. घरात दोन रात्री कोणी झोपलं नाही. त्याचा अर्थ परक्या कणांभोवती जमलेल्या मोठ्या पेशी, कॅन्सर वगैरे काही नाही, हे मॅडमनी सोमवारी दोन मिनिटांत सांगितलं. तेच फोनवर शनिवारी सांगता आलं असतं की नाही?

पॉकेट आता 4 वर आलंय, रक्त बंद. गेलेलं हाड भरून येईलच असं नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही.