नॅकसाठी घेतलेली सल्लासेवा : एका सत्राचा अनुभव

पुण्यात नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करून त्यांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या तपासणीची, तयारी करून देणाऱ्या सल्लागारांची वानवा नाही. आमचे महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असून तेथील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, म्हणजेच आयक्यूएसीचे, समन्वयकपद सध्या माझ्याकडे आहे. गेल्या सत्रात आम्ही कोथरूडमधील एका सल्लागार संस्थेची सेवा घेतली. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे अभ्यासक्रमातून विद्यार्थ्याला काय यायला हवे याची उद्दिष्टे, कितपत साधली हे मोजणारी संगणक प्रणाली आणि त्या आकड्यांवरून सुधारणेचा आराखडा करण्यासाठी प्राध्यापकांच्या तीन कार्यशाळा असे त्या सेवेचे दोन भाग होते. दोन्हींची प्रत इतकी वेगळी निघाली की त्यांविषयी स्वतंत्रपणेच लिहावे लागेल.

संलग्न महाविद्यालयांसाठीच्या नॅकच्या श्रेणीपद्धतीत एकूण १००० गुणांपैकी ३५० गुण अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन या दुसऱ्या निकषाला आहेत. निष्पत्ती ठरवून त्या जाहीर करणे आणि त्या कितपत साध्य झाल्या हे तपासणे, ही अपेक्षा याच निकषात येते. जानेवारी २०२४ मध्ये नॅकने श्रेणीऐवजी ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘अमान्य’ अशा द्विस्तरीय पद्धतीकडे जाण्याचे जाहीर केल्यापासून विक्री प्रतिनिधींच्या बोलण्यातील घाई बरीच वाढली आहे. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनीही पहिली पंधरा मिनिटे तेवढेच सांगितले.

संगणक प्रणालीचे गणित चोख आहे. प्रश्ननिहाय गुण भरले की प्रत्येक अभ्यासक्रमाच्या निष्पत्तीची पातळी ती १ ते ३ या श्रेणीत काढून देते आणि सीओ-पीओ मॅपिंगचा, म्हणजे विषयाच्या निष्पत्ती संपूर्ण पदवीच्या निष्पत्तींशी जोडून दाखवणारा, तक्ता दोन मिनिटांत समोर येतो. हेच काम एक्सेलमध्ये करताना आमच्या विभागप्रमुखांच्या दिवाळीच्या सुट्या संपत असत, त्यामुळे ही सोय मी कमी लेखत नाही. परंतु परीक्षेला गैरहजर असलेल्या विद्यार्थ्याला प्रणाली शून्य गुण धरते, आणि परिणामी एका विषयाची पातळी विनाकारण खाली आली. मराठी विभागाने निष्पत्ती देवनागरीत भरल्या तेव्हा पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन उमटले. तक्रार केल्यावर ‘इंग्रजीत भरून पाहा’ असे उत्तर आले. मराठी साहित्याच्या विषयाला ते द्यावे, याचे नवल वाटते.

सर्वांत मोठा दोष मात्र सुधारणेच्या रकान्यात आहे. निष्पत्ती उद्दिष्टापेक्षा कमी आली की प्रणाली तयार वाक्ये सुचवते आणि बहुतेक प्राध्यापक पहिले वाक्य निवडून मोकळे होतात. आमच्या सोळा विषयांच्या अहवालांत ‘उपचारात्मक तासिका घेण्यात येतील’ हे वाक्य सोळाही ठिकाणी सारखेच आले. नॅकच्या पिअर टीमने, म्हणजे तपासणीला येणाऱ्या पथकाने, ते नजरेआड केलेही असते, पण चार वाजता ठेवलेल्या जादा तासाला विद्यार्थी थांबत नाहीत हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. कोणाला भोरची एसटी गाठायची असते, तर कोणाला दुकानातील कामावर जायचे असते.

दुसऱ्या कार्यशाळेसाठी आलेल्या सल्लागार बाई स्वतः निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांनी लॅपटॉप बंद करायला लावला आणि रसायनशास्त्र विभागाकडून द्वितीय वर्षाच्या अंतर्गत परीक्षेच्या चाळीस उत्तरपत्रिका मागवल्या. २५० मिलिलिटर द्रावणात ५.३ ग्रॅम सोडियम कार्बोनेट असल्यास मोलॅरिटी (एक लिटर द्रावणातील मोलची संख्या) किती, एवढ्या एकाच प्रश्नाची उत्तरे आम्ही टेबलावर ओळीने मांडली. रेणुभार १०६ धरून उत्तर ०.२ यायला हवे. सत्तावीस जणांनी ०.०००२ लिहिले होते. मोलची संख्या सर्वांची बरोबर होती, व्याख्याही तोंडपाठ होती, परंतु मिलिलिटरचे लिटर न करता थेट २५० ने भागले होते.

“यांनी द्रावण स्वतः कधी केले आहे का?” असे बाईंनी विचारले, तेव्हा कोणीच बोलेना. प्रयोगशाळेत परिचर सकाळीच बाटल्या भरून ठेवतात आणि विद्यार्थी थेट ब्युरेट हातात घेतात. वेळ वाचावा म्हणून कित्येक वर्षांपूर्वी लागलेली ती सवय होती. विद्यार्थ्याने वजन करून २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरले, तर हा पाव लिटर आहे हे त्याच्या हाताला कळते, आणि मग ०.०००२ हे उत्तर त्याला स्वतःलाच खटकते. आराखड्यात उपचारात्मक तासिकांचे वाक्य खोडून आम्ही असे लिहिले की पहिल्या तीन प्रात्यक्षिकांत विद्यार्थी द्रावण स्वतः तयार करतील, ते कोण तपासेल आणि त्याच धर्तीचा प्रश्न पुढच्या चाचणीत कधी विचारला जाईल. या बदलाला नवा निधी लागला नाही. परिचरांची समजूत काढण्यास मात्र आठवडा गेला.

तिसरी कार्यशाळा त्यामानाने निराशाजनक ठरली. त्या दिवशी बाईंऐवजी दुसरे गृहस्थ आले आणि त्यांनी कोणता पुरावा कोणत्या फाइलमध्ये लावावा, जिओटॅग केलेले फोटो कसे काढावेत, हेच दोन तास सांगितले. ती माहितीही लागतेच, पण ती आमच्या कार्यालयातील लिपिकालाही पाठ आहे. कार्यशाळेला कोण येणार हे करारात नमूद नव्हते, ही चूक आमची. सेवा घेणाऱ्यांनी नाव लिहून घ्यावे आणि उत्तरपत्रिकांवर आधारित सत्र किमान दोन विभागांसाठी मागावे, असे मी सुचवेन.

पुढील वर्षासाठी आम्ही संगणक प्रणालीचे नूतनीकरण केलेले नाही. बाईंच्या दोन भेटींचे वेगळे दरपत्रक मागवले आहे. दरम्यान पुढची चाचणी झाली आणि मोलॅरिटीच्या प्रश्नात त्याच चाळीसपैकी नऊ जण चुकले. हा निकाल मूळ आराखड्याशी जोडून दाखवण्यासाठी प्रणालीत रकानाच नसल्याने, विभागप्रमुखांनी तो हाताने लिहून आराखड्याच्या प्रतीला टाचून ठेवला आहे.